अहिल्याबाई आणि डोंगरातली माणसे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा अहिल्याबाई होळकरांचे चरित्र मी लिहावे, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही लेखिका नव्हे. मंडळाचा जमाखर्च मांडावा, सभेचे इतिवृत्त लिहावे, एवढीच माझ्या लेखणीची धाव. शिवाय अहिल्याबाईंविषयी नवे ते काय सांगावयाचे? २०२४ साली आपल्या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. काशीविश्वेश्वराचे देऊळ, गयेचे विष्णुपद, सोरटी सोमनाथ, नद्यांचे घाट, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे ही यादी आपल्या लेकीसुनांना तोंडपाठ आहे.

परंतु चरित्र चाळता चाळता एका ठिकाणी मी थांबले. देवळांच्या यादीत न येणारी, डोंगरातल्या भिल्लांची ती हकीगत आहे. ती वाचली आणि आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीतला एक ठराव मला आठवला.

जुन्या सभासदांना तो आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी आपल्या शिवणवर्गातून परकराच्या कापडाचा एक तागा नाहीसा झाला. गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीवरच्या चार बायका त्या वेळी वर्गास येत असत. कुणी काही पाहिले नव्हते, तरी सर्वांच्या मनात एकच आले. लगोलग सभा भरली आणि यापुढे वस्तीवरच्या बायकांना वर्गास घेऊ नये, असा ठराव झाला. ठरावास माझा हात वर होता आणि वहीत अक्षरही माझेच आहे. पुढे दिवाळीच्या साफसफाईत तो तागा आपल्याच एका सभासद भगिनीच्या घरी, धान्याच्या कोठीमागे सापडला. बेतण्यासाठी म्हणून त्यांनीच तो नेला होता आणि घाईगर्दीत विसरल्या होत्या. आपण सर्व जणी हसलो, चहा झाला, ताग्याचे परकरही शिवून झाले. ठराव मात्र वहीत तसाच राहिला. त्या चार जणींना बोलावणे काही गेले नाही.

ही गोष्ट मनात ठेवूनच मी पुढचे चरित्र लिहिले आहे. वाचणाऱ्या भगिनींनीही ती मनात ठेवावी, एवढी विनंती.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. चौंडी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातले एक लहानसे गाव. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, धनगर समाजातले. पाटलाचे घर म्हणजे गावचे भांडणतंटे, सरकारी सारा, पाहुणारावळा हे सर्व उंबऱ्याशी येणारे घर. मुलींना लिहावयास शिकविण्याची त्या काळी रीत नव्हती, तरी अहिल्याबाईंना लिहितावाचता येत होते. मल्हारराव होळकर या मुलुखातून जात असता त्यांनी चौंडीच्या देवळात या मुलीला पाहिले आणि तिला सून करून घेण्याचे मनात धरले, असे सांगतात. मल्हारराव तेव्हा पेशव्यांचे मोठे सरदार होते आणि माळव्यात त्यांचे पाय रोवले गेले होते. १७३३ साली त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचे लग्न झाले. आठ वर्षांची मुलगी आईचे बोट सोडून नर्मदेपलीकडच्या मुलुखातली सून झाली.

सासर चांगले मिळाले. सासूबाई गौतमाबाई करारी आणि धार्मिक होत्या, मामंजी तापट परंतु गुणांची पारख असलेले. मल्हारराव वर्षाचे आठ महिने मोहिमेवर असत. मागे घरचा, खजिन्याचा, दाण्यावैरणीचा, तोफखान्याच्या सामानाचा बंदोबस्त पाहणारे विश्वासाचे माणूस त्यांना हवे होते. मुलाचे लक्ष कारभारात थोडे, हे ओळखून त्यांनी ते काम हळूहळू सुनेकडे दिले. हिशेब तपासणे, वसुलीचा तगादा लावणे, पत्रे पाठविणे, तोफांना बैल आणि दारूगोळा वेळेवर पोचविणे हे सर्व त्या शिकल्या. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

१७५४ च्या मार्च महिन्यात जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा एकोणतीसही पूर्ण नव्हते. त्या सती जावयास निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी पदर पसरून त्यांना थांबविले. आपला मुलगा गेला खरा, पण आता सून हाच आपला मुलगा, असे त्यांचे म्हणणे. अहिल्याबाई थांबल्या. त्या दिवशी त्या थांबल्या नसत्या तर पुढचे एकही देऊळ, एकही घाट झाला नसता. एक बाई वाचली म्हणजे किती वाचते, याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

त्यानंतर बारा वर्षे मल्हाररावांच्या हाताखाली त्या राज्यकारभार करीत होत्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. गादीवर मालेराव आले, परंतु वर्षाच्या आतच, १७६७ साली, तेही गेले. नवरा, सासरा आणि मुलगा असे तिघे तेरा वर्षांत गेले. मागे एक विधवा आणि एक लेक.

अशा वेळी घरावर डोळा ठेवणारे निघतातच. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन बाईंनी देवधर्मात काळ घालवावा आणि कारभार आपण पाहावा, असा बेत केला. अहिल्याबाईंनी तो मानला नाही. तेव्हा चंद्रचूडांनी राघोबादादांना बोलाविले आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनी आपली फौज सज्ज केली, इतर मराठे सरदारांना पत्रे धाडली आणि दादांना असे कळविले, म्हणतात, की एका विधवेला जिंकून आपली कीर्ती वाढावयाची नाही, पण तिच्याकडून हरलात तर मात्र तोंड दाखवावयास जागा उरणार नाही. दादांनी सांत्वनास आल्याचे निमित्त केले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचाच हक्क मान्य केला. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकर या भरवशाच्या सरदाराकडे सोपविले आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवून नर्मदेकाठी महेश्वर येथे राजधानी केली. तेथून पुढे १७९५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, त्यांनी राज्य केले.

आता मी ज्या गोष्टीसाठी लिहावयास बसले, तिच्याकडे वळते.

आपले घोडेगाव सपाटीवरचे. हमरस्त्यावर उभे राहिले की नगरकडची गाडी दुरून येताना दिसते. जनावरांच्या बाजाराच्या दिवशी चहूकडून बैल, गाई, म्हशी येतात आणि वाटेत कुणी आपली जनावरे हाकून नेईल अशी भीती कुणाच्या मनात नसते. अहिल्याबाईंचा मुलूख असा नव्हता. महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. त्याच्या उत्तरेस विंध्याद्रीची भिंत आणि दक्षिणेस, नदीपलीकडच्या निमाडच्या पट्ट्यानंतर, सातपुडा. इंदुरास जावयाचे तर विंध्य चढावा लागे, खानदेशात उतरावयाचे तर सेंधव्याच्या बाजूने सातपुड्यातून यावे लागे. दख्खनचा कापूस आणि कापड, माळव्याची अफू आणि धान्य, यात्रेकरूंचे तांडे, सरकारी खजिना हे सारे त्या अरुंद घाटांतून बैलांच्या पाठीवर चालत असे. आणि ते डोंगर भिल्लांचे होते, नर्मदेकाठची रानेही गोंडांची होती.

भिल्ल आणि गोंड वाटमारी करीत. तांडा लुटावा, गावावर पडावे, जनावरे हाकून न्यावीत आणि रानात नाहीसे व्हावे. पाठलाग करणाऱ्या शिबंदीला त्या खोऱ्यांत वाटही सापडत नसे. परंतु ही माणसे मुळात चोरच होती, असे म्हणणे बरोबर नव्हे. कैक पिढ्या ती त्या डोंगरांत राहत आली होती. सपाटीवर एकामागून एक राजे आले आणि चांगली जमीन नांगराखाली गेली. जंगल तेवढे या लोकांकडे उरले. त्या जंगलातून जाणाराने आपल्याला काही दिले पाहिजे, हा आपला जुना हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती. व्यापाऱ्याने हातावर काही ठेवले तर तो सुखरूप जाई, न ठेवले तर लुटला जाई. सपाटीवरच्या राजाला ही लूट वाटे, डोंगरातल्या माणसाला ती आपली जकात वाटे.

अहिल्याबाईंनी प्रथम सामोपचाराने पाहिले. तो चालला नाही. लूटमार थांबेना, तेव्हा त्यांनी कडक उपाय योजले. फौजेची ठाणी बसविली, म्होरके पकडविले आणि त्यांतल्या काहींना देहान्त शिक्षा दिल्या. हे मी झाकून ठेवीत नाही. आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो, देव्हाऱ्यात त्यांची तसबीर ठेवतो आणि म्हणून त्यांचा हात केवळ दान देण्यापुरताच उठत असे, असे आपल्याला वाटू लागते. रयतेची घरे लुटली जात असता नुसते जप करीत बसणे त्यांना मान्य नव्हते. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंड केले तेव्हाही त्यांनी फौज पाठवून ते मोडले.

परंतु शिक्षा करणारे राज्यकर्ते पुष्कळ झाले. अहिल्याबाईंचे वेगळेपण त्यापुढे आहे. शिक्षा करून झाल्यावर त्या थांबल्या आणि हे लोक मागतात काय, ते त्यांनी पाहिले. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्ल जी लहानशी पट्टी घेत, तिला भिलकवडी म्हणत. नावातच कवडी आहे, म्हणजे ती किती क्षुल्लक असेल ते पाहा. अहिल्याबाईंनी हा हक्क काढून घेतला नाही. तो जुना आहे, तुमचा आहे, असे त्यांनी मान्य केले. मात्र त्याच्याबरोबर तीन जबाबदाऱ्या लावून दिल्या. आपल्या हद्दीतल्या वाटेचे भिल्लांनी रक्षण करावे, ही एक. त्या हद्दीत कुणाचा माल चोरीस गेला तर तो त्यांनीच शोधून परत द्यावा, ही दुसरी. आणि नेमून दिलेली पडीक जमीन त्यांनी नांगरून पिकवावी, ही तिसरी.

ही व्यवस्था किती साधी आहे, ते आपल्या बाजारावरून समजते. बैल विकावयास आणला की आपण बाजाराची पावती फाडतो. ते पैसे देताना कुणी कुरकुरत नाही, कारण त्या बदल्यात जागा आणि पाणी मिळते आणि व्यवहारास पुरावा राहतो. तीच रक्कम रात्री अंधारात कुणी काठी उगारून मागितली तर आपण तिला लूट म्हणू. अहिल्याबाईंनी अंधारातली काठी काढून घेतली आणि तिच्या जागी उजेडातली पावती दिली. कालपर्यंत जो वाटमारी करी, तोच उद्यापासून वाटेचा राखणदार झाला. चोरी झाली तर पहिला प्रश्न त्याला विचारला जाणार, म्हणून चोरी होऊ न देण्यात त्याचाच फायदा. शिवाय त्या रानाची एकूणएक पायवाट त्याला ठाऊक, तेव्हा त्याच्याहून चांगला पहारेकरी सरकारला मिळणार तरी कुठून?

याच काळातली मुक्ताबाईंच्या लग्नाची गोष्ट लोक सांगतात. जो कुणी या मुलुखातून चोराचिलटांचा उपद्रव नाहीसा करील त्याला मी आपली मुलगी देईन, असे अहिल्याबाईंनी भर दरबारात जाहीर केले. यशवंतराव फणसे या तरुणाने ते काम पत्करले आणि पार पाडले. घराणे, संपत्ती काही न पाहता बाईंनी मुक्ताबाई त्यांना दिली. गोष्टीत थोडी भर पडली असेल. परंतु राज्याचे मोठे दुखणे कोणते आणि त्यासाठी बाई काय पणाला लावावयास तयार होत्या, हे तीतून कळते.

वाट सुरक्षित झाली, तशी ती चांगलीही व्हावयास हवी होती. महेश्वराहून उत्तरेस विंध्य चढताना जामचा घाट लागतो. तेथे डोंगर जवळजवळ उभाच्या उभा आहे. त्या कड्यावरून अहिल्याबाईंनी मोठ्या कष्टाने आणि खर्चाने रस्ता बांधविला आणि माथ्यावर ठाणे बसविले. तेथला दगडी दरवाजा आजही उभा आहे. त्यात उभे राहिले की खाली निमाडचे सारे खोरे पसरलेले दिसते. ज्या बाईंनी देशभर देवळे बांधली, त्यांनी आपल्या मुलुखात असे रस्तेही बांधले, हे आपण सहसा सांगत नाही. देवळाचा कळस लांबून दिसतो, रस्ता मात्र पायाखाली राहतो.

माझा एक पुतण्या पुण्यास इतिहास शिकवितो. त्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मला फार दूरची एक हकीगत सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे बादशहा ऑगस्टस यांच्या राज्याच्या वेशीवर आल्प्स नावाचा बर्फाचा डोंगर होता. इटलीतून फ्रान्सकडे जाणाऱ्या वाटा त्याच्या खिंडींतून जात आणि तेथल्या टोळ्या वाटसरूंकडून पैसे घेत किंवा त्यांना लुटीत. रोमच्या फौजांनी त्यांतल्या पुष्कळ टोळ्या लढून जिंकल्या आणि समुद्राजवळ ला तुर्बी येथे एक प्रचंड विजयस्तंभ उभारला. हरलेल्या चाळीसहून अधिक टोळ्यांची नावे त्याच्यावर कोरली. त्याच डोंगरात कोटियस नावाचा एक राजा होता. त्याच्याशी मात्र रोमने तह केला. त्याचाच मुलूख त्याच्याकडे ठेवून त्याला रोमचा अधिकारी नेमले. त्याने आपल्या डोंगरातून रस्ते बांधले, वाटसरूंची सोय केली आणि सुसा या आपल्या गावी एक कमान उभारली. इसवी सनापूर्वी ९-८ मधली ती कमान अजून उभी आहे आणि तिच्यावर चौदा जमातींची नावे आहेत. ही नावे हरलेल्यांची नव्हेत, करारात सामील झालेल्यांची आहेत.

हे ऐकून मला वाटले, डोंगरातल्या माणसाचे नाव दगडावर दोन रीतींनी लिहिता येते. एक पराभूत म्हणून, दुसरी भागीदार म्हणून. अहिल्याबाईंना रोमचे नावही कदाचित ठाऊक नसेल. तरी शिक्षा आणि करार या दोन्ही वाटा त्यांनी पाहिल्या आणि ज्या वाटेने माणूस उद्याही आपल्याबरोबर राहील ती धरली.

त्यांचा दिवस कसा जाई, तेही थोडक्यात सांगते. पहाटे, उजाडण्यापूर्वी तासभर, त्या उठत. स्नानसंध्या, पुराणश्रवण, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन आटोपून साधे शाकाहारी जेवण घेत आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास पांढऱ्या साध्या वस्त्रांत दरबारात बसत, ते थेट सूर्यास्तापर्यंत. पुन्हा पूजाअर्चा, थोडा फराळ आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. दरबारात कुणीही येऊन गाऱ्हाणे मांडावे. त्या पडद्याआड बसत नसत. कमाविसदार वरचेवर बदलावयाचे नाहीत, हा त्यांचा नियम. चांगले काम करणारा वीस-वीस वर्षे एकाच परगण्यात राही, त्यामुळे त्याला रयत ठाऊक आणि रयतेला तो ठाऊक. वारस नसलेल्या सावकाराची संपत्ती सरकारजमा करण्याची तेव्हा चाल होती. खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवांनी आपले धन बाईंना देऊ केले, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. तुमचे आहे, तुम्हीच लोकोपयोगी कामात लावा, असे सांगितले, आणि त्या पैशांतून तेथे नदीला घाट झाला.

आपल्या बैलांच्या गावाला आवडेल अशी एक गोष्ट आणखी आहे. उन्हाळ्यात महेश्वराच्या आसपास नांगरट चालू असली की बाईंचा माणूस शेतात जाऊन नांगराचे बैल थांबवी, त्यांना पाणी पाजी आणि मग पुढे जाऊ देई. पिकावरून पाखरांना शेतकरी हाकलतात, म्हणून काही उभी शेते त्यांनी पाखरांसाठी विकत घेऊन ठेवली होती. मुक्या जनावराची तहान ज्यांना कळली, त्यांना डोंगरातल्या माणसाची भूक कळली यात नवल नाही.

त्यांचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. १७९० साली मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा नथोबा गेला. पुढच्याच वर्षी जावई यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाल्या. ज्या आईला सासऱ्यांनी पदर पसरून थांबविले होते, तिने आता लेकीपुढे पदर पसरला. लेक थांबली नाही. नर्मदेच्या काठी ते पाहताना बाईंनी जो आकांत केला तो सांगवत नाही. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. नंतर उठल्या आणि पुन्हा दरबारात जाऊन बसल्या. चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वर येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

१७९७ साली तुकोजीही वारले. त्यांच्या मुलांत भांडणे लागली, पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला आणि माळवा होरपळला. घाटवाटा पुन्हा ओस पडल्या. १८१८ नंतर सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी तेथला कारभार पाहू लागला. गावोगाव लोक बाईंचे नाव काढून डोळे पुसत. एवढी स्तुती खरी असेल का, असा त्याला संशय आला, म्हणून त्याने नाना जातीधर्मांच्या, नाना थरांतल्या लोकांकडे चौकशी केली. जितके विचारावे तितका आदर वाढतच गेला, असे त्याने १८२३ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. भिलकवडीची हकीगतही त्यानेच लिहून ठेवली आहे. बाईंना जाऊन तेव्हा पंचवीसएक वर्षे झाली होती. राज्य मोडले होते, पण नेमाने चाललेल्या घाटवाटेची आठवण लोकांच्या मनात होती.

हे झाले चरित्र. आता त्या ठरावाविषयी.

आपल्या तागा-प्रकरणात आपण अहिल्याबाईंच्या निम्म्यावर येऊन थांबलो. शिक्षा केली, तीही अपराध नसताना, आणि पुढचे पाऊल टाकलेच नाही. बरे, ज्यांना आपण बाहेर ठेवले त्या कुणी परक्या नव्हेत. आपल्या शेतांत कांदा त्याच लावतात, काढतात, आपल्या बाजाराच्या दिवशी त्यांची पोरे आपल्या दारावरून जातात. मागच्या महिन्यात मी त्या वस्तीवर जाऊन आले. चौघींपैकी एक जण ऊसतोडीला गेली होती, एकीचे दोन महिन्यांपूर्वी बाळंतपण झाले होते. उरलेल्या दोघींनी मला बसावयास पोते टाकले आणि पाणी दिले. कापडाचे काय झाले, ते त्यांना ठाऊक होते. गावात गोष्ट लपत नाही. आम्ही कधी येऊन बसावयाचे, असे त्यांनी विचारले नाही. मलाच खाली मान घालून बसावे लागले.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी दोन सूचना मांडणार आहे. पहिली, तो ठराव रद्द करून, तो का रद्द केला हे वहीत स्पष्ट लिहावे. दुसरी, शिवणवर्गाच्या कपाटाची एक किल्ली वस्तीवरच्या एका भगिनीकडे असावी आणि महिन्याच्या महिन्यास कापडाची मोजदाद तिने आणि मी मिळून करावी. काही भगिनींना हे पटणार नाही, हे मी जाणते. एक-दोघींनी तसे बोलूनही दाखविले आहे. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मीही तशीच बोलले होते.

दरवर्षी जयंतीला आपण अहिल्याबाईंच्या तसबिरीला हार घालतो. यंदा सभेच्या दिवशी तो हार घालण्यापूर्वी इतिवृत्ताची वही उघडावी, अशी माझी नम्र विनंती आहे. लेखणी मी बरोबर आणीन.